यंत्रविद्येची दुसरी पदवी आणि आपली वाडी

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त गिरीज येथे तरुण व पालक यांच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी मागे वळून पाहावे, पूर्वजांचे उपकार स्मरावे आणि परमेश्वराचे आभार मानावे अशी रीत आहे. आणि ती रीत इतर वक्त्यांनी आमच्याहून अधिक चांगल्या प्रकारे पाळली आहे. आम्ही आज ज्या विषयावर बोलण्याचे योजिले आहे, तो धर्मगुरूच्या मुखी कित्येकांस विसंगत वाटेल. विषय आहे यंत्रविद्येतील, म्हणजे ज्यास सर्व लोक मेकॅनिकल इंजिनीअरिंग म्हणतात त्या शास्त्रातील, पदव्युत्तर शिक्षणाचा, एम.ई., एम.टेक. किंवा परदेशी एम.एस. या नावांनी जी दुसरी पदवी ओळखली जाते तिचा.

हा विषय का घेतला ते सांगतो. धर्मग्रामाच्या कार्यालयात शिफारसपत्र मागण्यास तरुण येतात. त्यांच्या मागोमाग, बहुधा दोन दिवसांनी, त्यांचे वडील येतात आणि दार लोटून घेऊन हळूच विचारतात, "फादर, पोरगा बी.ई. झाला, चार वर्षे फी भरली. आता पुन्हा दोन वर्षे कशाला? आणि त्यापायी वाडीचे चार गुंठे काढावे काय?" हा प्रश्न एका घराचा असता तर आम्ही त्याचे उत्तर त्या बंद दाराआड दिले असते. तो पुष्कळ घरांचा झाला आहे, म्हणून त्याची चर्चा उघड्यावर व्हावी हे बरे. प्रश्न खरे पाहता दोन आहेत. या दोहोंचे उत्तर जो एका शब्दात देतो तो सल्लागार नव्हे, दलाल समजावा.

आपण वसईकर यंत्रास परके नाही. ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांनी बावखलावरचा रहाट पाहिला असेल. निदान त्याची हकीकत आईबापांच्या तोंडून ऐकली असेल. डोळ्यांस झापड बांधलेला बैल किंवा रेडा गोल फिरे, आडव्या चाकाचे दाते उभ्या चाकास फिरवीत, माळेस बांधलेले लोटे पाण्यात बुडून भरून वर येत, पन्हळीत रिते होत, आणि पाटाने ते पाणी केळी, पानवेली व फुलझाडे यांच्या मुळांशी जाई. फिरण्याची एक दिशा दुसऱ्या दिशेत पालटणे, शक्ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे, ओझे अनेक लोट्यांत वाटून देणे, ही तत्त्वे आज महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात फळ्यावर शिकवितात. आपल्या आजोबांच्या वाडीत ती दिवसभर किरकिरत असत.

युरोपातही इंजिनाचा जन्म पाणी उपसण्यापायीच झाला. १७१२ साली इंग्लंडात न्यूकोमेन यांचे वाफेचे इंजिन चालू झाले, ते कोळशाच्या खाणीत साचणारे पाणी काढण्यासाठी. १७६९ साली जेम्स वॉट यांनी त्यात मोठी सुधारणा केली. पुढे आपले इंजिन किती घोड्यांचे काम करते हे गिऱ्हाइकास पटविण्यासाठी त्यांनी अश्वशक्तीचे माप ठरविले, तेच माप आजही आपल्या पंपावर कोरलेले असते. स्कॉटलंडातील रॉबर्ट स्टर्लिंग हे तर पाळक होते. ते आपल्या पंथाचे नव्हते. परंतु रविवारी उपदेश करणारा मनुष्य उरलेल्या दिवसांत कार्यशाळेत हत्यारे घेऊन उभा राहतो हे आम्हांस मनापासून आवडते. त्यांनी १८१६ साली उष्ण हवेवर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले. वाया जाणारी उष्णता मध्येच अडवून ठेवावयाची आणि पुढच्या फेऱ्यास तीच पुन्हा वापरावयाची, अशी त्यातील युक्ती होती. १८१८ साली असे एक इंजिन एअरशायर परगण्यातील दगडाच्या खाणीत बसविले गेले, आणि तेथेही त्यास काम मिळाले ते पाणी उपसण्याचेच.

आता येथे थांबून एक भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. न्यूकोमेन, वॉट, स्टर्लिंग यांनी इंजिने केली, सुधारली. परंतु १८२४ साली फ्रान्समधील सादी कार्नो नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाने एक लहानसे पुस्तक छापून निराळाच प्रश्न विचारला. हे इंजिन कसे सुधारावे, असे त्याने विचारले नाही. कोणतेही इंजिन, कितीही कुशल कारागिराने केले तरी, उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम काढू शकेल, आणि ती मर्यादा कशावर अवलंबून आहे, असे त्याने विचारले. त्याचे उत्तर असे, की ती मर्यादा तापलेली बाजू व थंड बाजू यांच्या तपमानांवर अवलंबून आहे. आत वाफ आहे की हवा यावर नाही. हा तरुण १८३२ साली पटकीच्या साथीत वारला आणि त्याच्या हयातीत त्या पुस्तकाकडे फारसे कोणी पाहिले नाही. आज मात्र वीजनिर्मितीचे केंद्र असो वा घरातील शीतकपाट असो, त्याने घातलेली मर्यादा ओलांडता येत नाही.

पहिल्या व दुसऱ्या पदवीत असा भेद आहे. बी.ई. झालेला तरुण यंत्र कसे चालते, त्याचे भाग कसे आखावे, कोणती धातू घ्यावी, हे शिकतो. ही विद्या लहान नव्हे आणि तिच्यावर प्रामाणिकपणे पोट भरता येते. दुसऱ्या पदवीत साधारणपणे पहिले वर्ष अधिक कठीण गणिताचे व निवडलेल्या शाखेचे असते, आणि दुसऱ्या वर्षी त्याने एक प्रश्न हाती घेऊन त्यावर प्रबंध लिहावयाचा असतो. त्या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेले नसते. सेमिनरीत संत थॉमस अक्विनास यांचे तत्त्वज्ञान शिकताना प्रत्येक वस्तूची चार कारणे सांगावी लागत: ती कशाची केली, कोणत्या आकाराची केली, कोणी केली, आणि कशासाठी केली. यंत्रशाळेत पहिली तीन कारणे उत्तम शिकवितात. चौथे विचारण्याची सवय ज्यास लागली, तो दुसऱ्या पदवीस योग्य झाला असे आम्ही समजतो.

आपल्या भाषेतील एका मनुष्याचे उदाहरण घेऊ. प्राध्यापक सुहास पाटणकर यांनी १९६२ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्रविद्येची पहिली पदवी घेतली. त्यानंतर ते पवईच्या आय.आय.टी.त आले आणि १९६४ साली तेथून त्यांनी यंत्रविद्येतच एम.टेक. केले. ती संस्था १९५८ साली सुरू झाली होती, म्हणजे त्या वेळी ती अवघी सहा वर्षांची होती. तेथून ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले, १९६७ साली पीएच.डी. झाले, आणि पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९७२ साली त्यांनी आपले गुरू प्राध्यापक स्पाल्डिंग यांच्यासह एक गणिती रीत प्रसिद्ध केली. १९८० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाने ती जगभरच्या अभियंत्यांच्या हाती गेली. त्या रीतीचे नावच मोठे गमतीचे आहे. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून तिला 'सिंपल', म्हणजे सोपी, असे म्हणतात.

ती रीत येथे थोडक्यात सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. नळातून वाहणारे पाणी किंवा इंजिनाच्या पोकळीत फिरणारी हवा घ्या. तिचा वेग व दाब प्रत्येक ठिकाणी किती, हे काढावयाचे आहे. त्याची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होती. अडचण ही, की दाब कळल्यावाचून वेग काढता येत नाही आणि वेग कळल्यावाचून दाब काढता येत नाही. पाटणकरांची रीत म्हणते, त्या जागेचे लहान लहान खण पाडा. दाबाचा काही एक अंदाज धरा, चुकीचा असला तरी चालेल. त्यावरून वेग काढा. मग प्रत्येक खणापाशी जाऊन पाहा, की आत आले तेवढे पाणी बाहेर गेले काय? मेळ बसणार नाही. जेवढी तफावत दिसेल तेवढीवरून दाबाचा अंदाज सुधारा आणि पुन्हा वेग काढा. तफावत नाहीशी होईपर्यंत हेच करीत राहा. बंधूंनो, वाडीत पाट फिरविणारा मनुष्य दुसरे काय करतो? एका आळ्यात पाणी तुंबले की तो फावड्याने थोडी माती इकडची तिकडे करतो, पुन्हा पाहतो, पुन्हा माती सारतो. (आत्मपरीक्षणाची रीतही याहून फारशी निराळी नाही, परंतु ते प्रवचन आज नको.)

जे पाण्यास लागू तेच उष्णतेस, वाफेस, धुरास आणि वाऱ्यास लागू. भूमीच्या पोटातील पाण्याचा हिशेबही असेच खण पाडून करितात. आणि येथे हा विषय पुण्या-लंडनाहून परत गिरीजच्या वाडीत येतो.

रहाट गेला, तेलाचे इंजिन आले, मग विजेचा पंप आला. बैल सुटला, माणसाचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. रहाटाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तो स्वतः हाकला असेल. पण आकडा पाहा. पाच अश्वशक्तीचा पंप, त्याची निम्मी शक्ती वाया गेली असे धरले तरी, दहा मीटर खोलीवरून सेकंदास सुमारे १९ लिटर पाणी वर आणतो. म्हणजे तासाला ६८ हजार लिटर, दहा हजार लिटरचे जवळजवळ सात टँकर. बैल दमत असे आणि तो दमला की विहिरीसही विसावा मिळे. पंप दमत नाही. आता आपली भूमी समुद्राला लागून आहे. समुद्रकाठी जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील गायबेन आणि १९०१ साली जर्मनीतील हर्झबर्ग यांनी त्याचे गणित मांडले, ते असे: वाळूच्या सरळ थरात गोडे पाणी समुद्रपातळीच्या जितके वर उभे असेल, त्याच्या चाळीस पट खोल ते खाली पसरलेले असते. वरून एक फूट पाणी कायमचे उतरविले, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर चढू पाहते. ज्यांच्या विहिरी मचूळ झाल्या त्यांस हे गणित कोणी सांगितले नव्हते. ज्या बावखलांतून पावसाचे पाणी जमिनीत मुरे ती भराव घालून बुजविताना तर ते कोणी विचारलेही नाही. पंप विकणारा, बसविणारा व दुरुस्त करणारा हे तिघेही आपापले काम चोख करणारे असतील; चौथे कारण विचारणारा तेथे नव्हता.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी जो लढा उभारला त्याच्या आठवणी तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आहेत. फादर २०२४ साली देवाघरी गेले. पुढे जेव्हा अशा लढ्याची वेळ येईल, तेव्हा मोर्च्यात चालणाऱ्यांच्या बरोबरीने, अमुक विहिरीतून अमुक तास पंप चालला तर अमुक वर्षांत पाणी खारे होईल असे लेखी मांडून, त्यावर उलट प्रश्नांस उत्तरे देणारा मनुष्यही लागेल.

दुसरे एक उदाहरण गोड आहे. आपली सुकेळी. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात दिवसेंदिवस वाळवितात. ऊन मंद असेल तर केळे आंबते. उष्णता एकदम जास्त दिली तर वरची साल कडक होते आणि ओल आतच कोंडते, मग बाहेरून सुके दिसणारे फळ आतून बिघडते. ही उष्णता व ओल यांच्या वाहण्याची गोष्ट आहे, म्हणजे शुद्ध यंत्रविद्या आहे. किती तपमानाची, किती वेगाची हवा, कितव्या तासाला द्यावी म्हणजे चव, रंग व टिकाऊपणा तिन्ही राहतील, हा प्रश्न एका एम.टेक.च्या प्रबंधास पुरून उरेल. त्यासाठी अटलांटिक महासागर ओलांडण्याची आवश्यकता नाही.

तरुणांनो, आता तुमच्याशी. बी.ई. झाल्यावर नोकरी मिळाली नाही, घरी बसले तर लोक विचारतात, म्हणून दुसरी पदवी. ही वाट आम्हांस पसंत नाही. त्याने दोन वर्षे पुढे ढकलली जातात एवढेच, आणि तिसऱ्या वर्षी तोच प्रश्न कर्जासह दारात उभा राहतो. अशाने एखाद्या कारखान्यात दोन वर्षे काढावी. हात काळे झाले म्हणजे बहुधा एखादा प्रश्न आपोआप मनात शिरतो, आणि मग दुसरी पदवी घेण्यास कारण मिळते. ज्याच्या मनात तो आधीच शिरला आहे त्याने मात्र थांबू नये.

त्यास वाटही फार दूरची नाही. पूर्वी पहिल्या पदवीसाठीही मुंबईस जावे लागे. १९९४ पासून वसई रोड येथेच विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दुसऱ्या पदवीसाठी पवई आहे, पुण्याचे १८५४ साली सुरू झालेले जुने महाविद्यालय आहे, आणि माटुंग्याची व्ही.जे.टी.आय. आहे. या शेवटच्या संस्थेचे नाव महोत्सवाच्या सभेत घेण्यास आणखी एक कारण आहे. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाली त्या ज्युबिलीचे स्मारक म्हणून ती स्थापन झाली, म्हणून तिच्या नावात 'ज्युबिली' हा शब्द होता. १९९७ साली तिला वीरमाता जिजाबाई यांचे नाव देण्यात आले. त्या ज्युबिलीच्या कमानी व रोषणाई केव्हाच गेली, शाळा राहिली. आमच्या महोत्सव समितीने यावर मनन करावे.

या संस्थांत प्रवेशासाठी 'गेट' नावाची परीक्षा आहे. तीन तास, शंभर गुण, आणि गुणपत्रिका तीन वर्षे ग्राह्य. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून तिला बसता येते. आमच्या तरुणांपैकी पुष्कळांस हे ठाऊक नसते, की ही परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्ण वेळ शिकणाऱ्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडून दरमहा शिष्यवृत्ती मिळते. कित्येक वर्षे ती १२,४०० रुपये होती. म्हणजे देशात ही पदवी घेणाऱ्या मेहनती मुलास बापाकडे फारसे मागावे लागत नाही. परीक्षा कठीण आहे. कठीण असलीच पाहिजे.

आणि मुलींविषयी. यंत्रशाळा मुलींची जागा नव्हे असे अजूनही काही घरांत बोलले जाते. बंगालमध्ये इला मजुमदार १९५१ साली यंत्रविद्येच्या पदवीधर झाल्या. लीला पूनावाला यांनी १९६७ साली पुण्याच्या महाविद्यालयातून तीच पदवी घेतली आणि पुढे एका मोठ्या यंत्रनिर्मिती कंपनीचा कारभार सांभाळला. त्यावर अर्धशतक उलटले. ज्या घरी मुलाच्या दुसऱ्या पदवीसाठी वाडी विकण्याची भाषा होते त्याच घरी मुलीच्या दुसऱ्या पदवीसाठी रेल्वेच्या पासाचा हिशेब होतो, हे आम्ही पाहिले आहे. त्याविषयी याहून अधिक सौम्य शब्द आम्हांस सापडत नाहीत.

परदेशाची गोष्ट निराळी आहे, आणि ती आम्ही टाळणार नाही. मराठी माणसास ती वाट नवी नाही. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ सालीच अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात, ज्यास एम.आय.टी. म्हणतात तेथे, दाखल झाले होते. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ साली तेथूनच यंत्रविद्येची पहिली पदवी घेऊन परतले. बाबा कल्याणी १९७२ साली तेथून एम.एस. होऊन पुण्यास आले. ही नावे पालकांच्या सभांतून वारंवार घेतली जातात. परंतु एक गोष्ट सांगण्याचे राहून जाते. शंतनुरावांची वाट पाहत किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा होता. त्यांचे वडील लक्ष्मणराव यांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीने तो खपेना. ते सर्व सोसून बापाने कारखाना आधी उभारला, मुलगा मागून शिकून आला. कल्याणींच्या मागेही घरचा उद्योग होता. आपल्या मुलाच्या मागे काय आहे? चार गुंठे वाडी आहे. तीच विकून तो गेला, तर मागे काहीच नाही.

हिशेब आम्ही ढोबळ करून दाखवितो. तीस लाखांचे कर्ज दरसाल दहा टक्क्यांनी काढले तर शिक्षण संपून नोकरी लागेपर्यंतच्या अडीच वर्षांत सरळ व्याजच साडेसात लाख होते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते हे खरे, परंतु सर्वत्र नव्हे. बाडेन-वुर्टेंबर्ग प्रांतात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांस २०१७ पासून सहामाहीस १,५०० युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही २०२४ पासून अशा विद्यार्थ्यांस फी लावली आहे. शिवाय एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधी बँकेत अडकवून दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरात ती ११,९०४ युरो ठरली, म्हणजे आपले सुमारे अकरा-बारा लाख रुपये. अमेरिकेत पदवीनंतर काम करण्याची जी मुभा असते ती त्या सरकारच्या नियमांवर अवलंबून, आणि हे नियम एका सहीने पालटतात; २०२५ च्या सप्टेंबरातील घोषणेने किती घरांची झोप उडाली ते तुम्हांस ठाऊक आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा असा दाखला प्रभूने दिला आहे. तेथे बुरूज बांधूच नये असे म्हटलेले नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर 'होय' असे आहे, मुलाच्या किंवा मुलीच्या मनात प्रश्न असेल तर. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असे आहे. शिष्यवृत्ती मिळवून, फेडता येईल तेवढे कर्ज काढून, नोकरीतून साठवून जावे. जमीन विकून जाऊ नये. १९१८ साली मोन्सेनियर पी. जे. मोनिस यांनी बॅसिन कॅथॉलिक बँकेचा पाया घातला, तो शेतकरी सावकाराच्या कचाट्यातून सुटावा आणि जमिनी हातच्या जाऊ नयेत म्हणून. त्यांनी ज्या जमिनी वाचविल्या त्या त्यांच्याच नातवंडांनी फीसाठी बिल्डरास द्याव्या, हे आम्हांस पाहवत नाही. जे परदेशी गेले व तेथेच स्थिरावले त्यांस आम्ही दोष देत नाही. त्यांनी पाठविलेल्या पैशांतून येथे कितीतरी घरे उभी राहिली, आणि नाताळात ते येतात तेव्हा चर्च भरते. जो जातो त्यास आम्ही आशीर्वाद देऊनच पाठवितो.

काहींस अजूनही वाटत असेल की ख्रिस्तसभेचा यंत्राशी संबंध काय. परमगुरू तेरावे लिओ यांनी १८९१ साली कारखान्यांतील मजुरांच्या हक्कांविषयी विश्वपत्र काढले. सांप्रतचे परमगुरू चौदावे लिओ यांची २०२५ साली निवड झाली तेव्हा त्यांनी ते नाव का घेतले हे सांगताना त्याच पत्राची आठवण केली, आणि आजच्या विचार करणाऱ्या यंत्रांचा प्रश्न पुढे ठेविला. ते स्वतः १९७७ सालचे गणिताचे पदवीधर आहेत.

आता शेवटची, आणि आमच्या मते आजची सर्वांत कामाची गोष्ट. प्रबंध लिहू पाहणाऱ्या मुलास आकडे लागतात, आणि आपल्या विहिरींचे आकडे कोणापाशी नाहीत. पाणी 'खाली गेले', 'मचूळ झाले' असे सर्व म्हणतात. किती व केव्हा हे कोणी लिहून ठेविले नाही. म्हणून आम्ही एक जाड नोंदवही आणून कार्यालयात ठेविली आहे. ज्यांच्या वाडीत विहीर किंवा बावखल आहे त्यांनी आपले नाव नोंदवावे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तरुण मंडळाची मुले येतील, दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजतील, पाण्याची खारटी मोजण्याचे लहान उपकरण बुडवून आकडा घेतील, आणि त्या महिन्यात पंप साधारण किती तास चालला ते तुम्हांस विचारतील. खरे सांगावे, ही वही कोणत्याही सरकारी कचेरीत जाणार नाही. चार-पाच वर्षांनी आपल्यापैकी एखादा मुलगा वा मुलगी पवईच्या किंवा माटुंग्याच्या गुरूपुढे विषय मागण्यास उभी राहील, तेव्हा ती वही तिच्या हाती देता येईल. पहिली नोंद येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारातील विहिरीची होईल. दोरी आहे, वजन कोणीतरी आणावे.